पाठटाचण

टाचणवहीच्या डाव्या रकान्यात छापलेलंच असतं : उद्दिष्ट.
त्यापुढे मी लिहिते,
विद्यार्थी पेशीविभाजनाच्या अवस्था ओळखतील.
मग खोडते.
ओळखतील की नाही, ते कांद्यांवर आहे.

कांदे गुरुवारीच मांडलेत खिडकीत,
चहाच्या आठ ग्लासांवर आठ,
काड्यांच्या आधाराने, बूड पाण्याला जेमतेम टेकलेलं.
सासूबाई विचारतात, ह्यातला एक पोह्यांत घेऊ का गं?
नको. ह्यांची मुळं उद्या साडेआठला कापायचीत,
सकाळीच पेशींची लगबग असते.
म्हणजे बायकांसारखंच, त्या म्हणतात
आणि दिवा मालवून जातात. माझ्याच खोलीतला.

बारावी ब. पट अठ्ठेचाळीस. मायक्रोस्कोप अकरा,
पैकी तीन डेडस्टॉक रजिस्टरापुरते.
लाइटचा भरवसा नाही, तेव्हा आरशाचे जुने काढायचे,
पूर्वेच्या खिडकीशी टेबलं ओढायची.
भंडारेमामांना सांगणे : रंगद्रव गाळून ठेवा.
मागच्या साली एवढा गाळ होता
की अर्ध्या वर्गाने गाळाचीच आकृती काढली,
बाण काढून लिहिलं, गुणसूत्रे.
दोन वह्यांवर मी सहीही केली. घाईत.

मंगळवार. परासरण.
पुस्तक बटाटा म्हणतं. तासगावात बटाटा कशाला?
सौद्याच्या दिवशी बेदाणा पायाखाली येतो.
दहा बेदाणे वजन करून पाण्यात, दहा साखरेच्या पाकात.
टीप : अकरावा बेदाणा खाल्ला जाणार, तो धरून आणणे.

बुधवार. वनस्पती संप्रेरके.
इथे पेन थांबतं.

गेल्या आठवड्यात मी फळ्यावर तक्ता काढला,
जिबरेलिन, कार्य : लांबी वाढवणे,
आणि शेवटच्या बाकावरून अल्फिया मुलाणी म्हणाली,
मॅडम, किती पीपीएम?
पुस्तकात नव्हतं. माझ्यातही नव्हतं.
फुलोऱ्याआधी दहा, तीच म्हणाली,
मणी ज्वारीएवढा झाला की चाळीस.
मगात घेऊन एकेक घड बुडवायचा, हलवायचा, सोडायचा.
आईबरोबर जाते मी मणेराजुरीला, डिपिंगला.
हजेरीत तिच्यापुढे त्या दिवसांचे
माझेच चार लाल गोल.

मग मी विचारलं, एक ओळ न बुडवता सोडता येईल?
तुलनेसाठी.
ती हसली. ओळ?
दुसऱ्या दिवशी बागवाल्या जमदाडेंचा निरोप आणला :
एक घड घ्या.
आतल्या अंगाचा. व्यापाऱ्याच्या नजरेत न येणारा.

तर प्रयोग क्रमांक सात असा.
साहित्य : न बुडवलेला घड एक, बुडवलेला एक, निळी सुतळी,
व्हर्नियर (फिजिक्सच्या बाबर सरांकडून, परत करण्याच्या बोलीवर).
कृती अल्फिया सांगेल, मी फळ्यावर लिहीन.
कालावधी : छापील रकान्यात पंचेचाळीस मिनिटं.
घडाला लागतात दोन महिने.
रकान्याबाहेर लिहिते.

आणि ह्या द्राक्षाला बी का नाही, हे कुणी विचारलंच तर
सांगायचं, असतं. सुरू होतं,
मग आतल्या आत थांबतं.
तिथे थोडं थांबायचं का?
नाही. पुढे जायचं. मुलं सतरा वर्षांची आहेत,
आणि पुढच्या तासाला गणित आहे.

अनुमान : कोरं.

सकाळी उठून खिडकीत मोजते. सात कांदे.
गॅसवर पोहे, मोहरीचा वास,
आणि ओट्यावर वाटीत, ओल्या फडक्यावर
आठव्याची मुळं, एकेक निवडून ठेवलेली.
मुळंच हवी होती ना तुला? सासूबाई म्हणतात.

वेळ विचारते. सहा वाजून दहा.
एक रिकामी बाटली धुते,
चिठ्ठी चिकटवते : सहा-दहा.
बघू ना, तेव्हा काय चाललेलं असतं.